दहापटीच्या पायऱ्या: एक चित्रपट, दोन पुस्तके

मुलांच्या चित्रपटावरून चित्रांचे पुस्तक काढण्याची पद्धत जुनी आहे. बहुतेक वेळा अशा पुस्तकात चित्रपटातलीच दृश्ये छापलेली असतात आणि प्रत्येक दृश्याखाली दोन-दोन ओळी मजकूर असतो. चित्रपट पाहिलेल्या मुलाला त्यात नवे काही मिळत नाही. न पाहिलेल्याला संदर्भ लागत नाही. मग असे पुस्तक साधले की फसले, हे कशावरून ठरवायचे? माझ्या मते कसोटी एकच आहे. चित्रपट पाहताना मुलाला जे करता येत नाही, ते पुस्तक करू देते का?

ही कसोटी लावायला विज्ञानातले एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९७७ साली ‘पॉवर्स ऑफ टेन’ हा सुमारे नऊ मिनिटांचा लघुपट पूर्ण केला. (याच ईम्स दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला होता. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन उभी राहिली.) शिकागोच्या तळ्याकाठी सहलीला आलेले एक जोडपे दिसते. सुरुवातीची चौकट १ मीटर रुंद, आणि आपण तिच्याकडे १ मीटर अंतरावरून पाहत असतो. मग दर १० सेकंदांना चौकट दहापट मोठी होत जाते: बाग, शहर, पृथ्वी, सूर्यमाला, आकाशगंगा. १० च्या २४व्या घाताइतक्या मीटरपर्यंत गेल्यावर कॅमेरा झपाट्याने परत येतो आणि झोपलेल्या माणसाच्या हातात शिरतो. त्वचा, पेशी, डीएनए, कार्बनचा अणू असे करत तो प्रोटॉनपाशी थांबतो.

या लघुपटाचे मूळ मात्र एका शाळेतल्या पुस्तकात आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. हॉलंडमधील बिल्टहोवेन येथे केस बूके या शिक्षकाने १९२६ मध्ये एक प्रयोगशील शाळा सुरू केली. वेगवेगळ्या प्रमाणांवर चित्रे काढण्याच्या तिथल्या विद्यार्थ्यांच्या उपक्रमातून ‘कॉस्मिक व्ह्यू’ हे पुस्तक तयार झाले आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४० उड्या आहेत. शाळेच्या अंगणात मांजर घेऊन बसलेली मुलगी हे पहिले चित्र. प्रमाण १ ला १०. पुढच्या प्रत्येक चित्रात प्रमाण दहापट बदलते. विश्वाच्या टोकाकडे जाऊन आपण परत मुलीपाशी येतो आणि तिच्या हातावरच्या मिठाच्या कणातून सोडियमच्या अणुकेंद्रापर्यंत उतरतो.

लघुपटावरून निघालेले पुस्तक १९८२ चे. लघुपटाचे निवेदन करणारे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप मॉरिसन आणि त्यांच्या पत्नी फिलिस यांनी ते ईम्स यांच्या कार्यालयाबरोबर केले. उजव्या पानावर मुख्य चित्र, डाव्या पानावर मजकूर व पूरक चित्रे, अशी एकंदर ४२ मुख्य चित्रे आहेत.

आता कसोटी लावू. प्रथम चित्रपटाची बाजू. त्याची मोहिनी सलगतेत आहे. कुठे सांधा दिसत नाही आणि मूल खुर्चीला खिळून राहते. पण अडचणही तिथेच आहे. प्रत्येक टप्प्याला सारखेच १० सेकंद लागतात, त्यामुळे ‘सारखेच अंतर कापले’ असा भास होतो. वास्तविक शेवटच्या १० सेकंदांत कापलेले अंतर आधीच्या सगळ्या प्रवासाच्या नऊपट असते. बेरीज आणि गुणाकार यांतला फरक हाच या विषयाचा गाभा, आणि तोच डोळ्यांदेखत निसटून जातो.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांकडून गणित करून काढून घेण्यासारखी आहे. १० सेकंदांत दहापट म्हणजे दर सेकंदाला अंतर सुमारे सव्वापट होते. दीड मिनिट उलटते, चंद्राची कक्षा नुकतीच पूर्ण चौकटीत आलेली असते, आणि कॅमेरा १२ लाख किलोमीटरवर पोहोचतो. पुढच्या एकाच सेकंदात तो ३ लाख किलोमीटरहून अधिक मागे सरकतो. म्हणजे प्रकाशाचा वेग ओलांडला! खरोखर असा प्रवास केला, तर सहलीच्या जागेवरून निघालेला प्रकाश मागेच राहील. हा चित्रपटाचा गुन्हा नव्हे, ते एक कल्पनाचित्र आहे. पण चित्रपट चालू असताना हा प्रश्न विचारायला उसंत मिळत नाही.

पुस्तकात ही अडचण येत नाही. तिथे प्रवासाचा आभासच नाही. प्रत्येक पान हे एक स्थिर चित्र आहे आणि दोन पानांमध्ये उडी आहे. मूल थांबते, मागचे पान उलटते, पट्टी लावते. चित्रपट दाखवतो, पुस्तक मोजू देते. या अर्थाने चित्रांचे पुस्तक चित्रपटाला पुरून उरते.

मात्र दोन्ही पुस्तके सारखी नाहीत. मॉरिसन यांचे पुस्तक विद्वत्तेने भरलेले आणि देखणे आहे, पण ते मुलांचे नाही. ते बाहेरून आत येते. सुरुवात १० च्या २५व्या घाताइतक्या मीटरला, म्हणजे सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षांच्या जवळजवळ रिकाम्या चौकटीने होते. ओळखीचा माणूस भेटण्याआधी २५ चित्रे उलटावी लागतात. तो येतो २६व्या चित्रात. जाणत्या वाचकाला हा क्रम आवडेल, सहावीतल्या मुलाला नाही. डाव्या पानांवरचा मजकूरही शिक्षकांनी आधी वाचून, गाळून सांगावा असा आहे. शिक्षकांच्या टेबलावर ते पुस्तक हवेच. मुलाच्या हातात देण्याचे ते पुस्तक नव्हे.

बूके यांचे पुस्तक मुलापासून सुरू होते. साधी रेखाटने, परिचित अंगण, मांडीवर मांजर. रंगांचा झगमगाट नसल्याने एक फायदाही झाला आहे. १० च्या उणे ७व्या घाताइतके मीटर, म्हणजे १०० नॅनोमीटर. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्याखाली ‘रंगीत छायाचित्र’ या शब्दाला अर्थ राहत नाही, तिथला प्रत्येक रंग चित्रकाराने दिलेला असतो. चित्रपटातले अणूचे रंग मूल खरे मानून बसते. रेखाटन मात्र आपण रेखाटन असल्याचे लपवत नाही. पुस्तकातली माहिती १९५७ ची आहे, हा त्याचा उणेपणा आहे. तरी पुस्तकाला पाने जोडता येतात. आज दृश्य विश्वाचा व्यास सुमारे ९,३०० कोटी प्रकाशवर्षे मानला जातो. मॉरिसन यांच्या पहिल्या चित्राच्या बाहेर आणखी दोन चौकटी काढल्या की तो त्यात मावतो.

आपल्या वर्गाला याचा उपयोग काय? सातवी-आठवीला घातांक येतात. वाशीमसारख्या जिल्ह्यात तारांगणाची सहल हा मोठा खर्च आहे, पण चौकोनी कागद सर्वत्र मिळतो. समजा, रिसोड तालुक्यातल्या एखाद्या शाळेपासून सुरुवात केली. १० सेंटिमीटर बाजूचे चौरस कापा. पहिल्यात १ मीटरचे अंगण आणि तिथे बसलेले मूल. दुसऱ्यात १० मीटर. मूल १ सेंटिमीटरचे झाले. तिसऱ्यात १०० मीटर, म्हणजे शाळा आणि मैदान. मूल उरले १ मिलिमीटर. चौथ्यात गाव आणि सोयाबीन-तुरीची शेते. मूल दिसेनासे झाले. सहाव्या चौरसाची बाजू १०० किलोमीटरची, क्षेत्रफळ १०,००० चौरस किलोमीटर. आपला अख्खा जिल्हा त्याच्या निम्म्याच्या आसपास. पश्चिमेला लोणारचे विवर दिसेल, पण १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर कागदावर दोन मिलिमीटरही भरणार नाही. सातव्यात पश्चिम बाजूला मुंबई आणि अरबी समुद्र, आग्नेय कोपऱ्यात बंगालचा उपसागर. प्रत्येक चौरसाच्या मध्यभागी १ सेंटिमीटरचा चौरस आखायला विसरू नका. आधीचे सगळे चित्र त्यात असते.

चित्रपट आज मोबाइलवर सहज पाहता येतो. तो जरूर दाखवावा. मात्र आठ-दहा चौरस काढून झाल्यावर. आधी दाखवला तर ‘पाहिला’ एवढेच उत्तर येते. नंतर दाखवला तर मुले मध्येच ‘थांबवा, थांबवा’ म्हणून ओरडतात, कारण प्रत्येक चौकटीत त्यांना आपला कागद आठवतो.

तेव्हा निकाल असा: चित्रपट उत्तम, १९८२ चे पुस्तक शिक्षकांसाठी उपयुक्त, आणि मुलांचे पुस्तक म्हणून खरे यश १९५७ च्या त्या साध्या पुस्तकाचे. कारण ते वाचून मुलाला वाटते की हे आपणही काढू शकतो. एका शाळेतल्या मुलांनीच तर त्याची सुरुवात केली होती.