धर्म पालटला, भाषा राहिली

कुराणाच्या इंग्रजी भाषांतरांची चर्चा निघाली की मार्माड्यूक पिक्थॉल यांचे नाव आदराने घेतले जाते; मात्र त्यांची इंग्रजी जुनाट आहे, ही तक्रारही लागलीच होते. आमच्या मते या भाषांतराचे गुण आणि दोष एकाच मुळातून आले आहेत, आणि ते मूळ त्यांच्या चरित्रात आहे.

१८७५ साली जन्मलेले पिक्थॉल हे एका अँग्लिकन धर्मोपदेशकाचे चिरंजीव. वकिलातीच्या नोकरीची परीक्षा हुकल्यावर ऐन तारुण्यात ते पॅलेस्टाइन व सीरियात हिंडले आणि अरबी शिकले. दमास्कस येथे इस्लाम स्वीकारण्याची इच्छा त्यांनी बोलून दाखविली, तेव्हा एका वृद्ध मौलवीने घरच्या वडीलधाऱ्यांचा विचार करण्यास सांगून त्यांना थोपविले, अशी हकीकत आहे. पुढे ते कादंबरीकार म्हणून नावारूपास आले. १९१७ साली, ब्रिटन तुर्कस्तानशी लढत असताना, त्यांनी लंडनमध्ये जाहीरपणे इस्लाम स्वीकारला. त्यानंतर लंडन व वोकिंग येथे त्यांनी इमामाचे काम केले. १९२० मध्ये मुंबईस येऊन ते 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक झाले आणि खिलाफत व असहकाराच्या बाजूने लिहू लागले. १९२५ पासून ते हैदराबादेत निजामाच्या नोकरीत होते. भाषांतरासाठी सरकारने त्यांना दोन वर्षांची पूर्ण पगारी रजा दिली. रजेच्या अर्जात कारण लिहिताना अडखळणाऱ्या आम्हां नोकरदारांना ही गोष्ट दंतकथाच वाटावी!

१९३० साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला त्यांनी 'कुराण' असे नाव दिले नाही. 'कुराणाचा अर्थ' अशा आशयाचे दिले. मूळ अरबी शब्दांची जागा दुसरी भाषा घेऊ शकत नाही, ही श्रद्धावंताची नम्रता त्यात आहे. त्यांच्यापूर्वी रॉडवेल या पाद्री भाषांतरकाराने अध्यायांचा परंपरागत क्रम मोडून कालक्रम लावला होता. पिक्थॉल यांनी परंपरेचा क्रम राखला, 'अल्लाह' हे नाव तसेच ठेवले आणि प्रत्येक अध्यायास छोटी प्रस्तावना जोडली. येथे प्रवचनकार दिसतो, पण तो मूळ वचनाच्या आड येत नाही.

मग भाषा एवढी जुनी का? पवित्र वचन इंग्रजीत कसे उच्चारावे, हे त्यांच्या कानांनी लहानपणी वडिलांच्या चर्चमध्ये ऐकले होते. १६११ च्या बायबलातील सर्वनामे आणि पदोपदी येणारा 'पाहा हो!' अशा अर्थाचा उद्गार तेथूनच आला. प्रार्थनेच्या वचनांना त्यामुळे गांभीर्य येते. परंतु वारसा, कर्ज, साक्षीदार यांविषयीच्या नियमांत, जेथे अर्थ तत्काळ स्पष्ट व्हावा, तेथे हीच भाषा वाचकास अडविते. आरंभीच्या छोट्या अध्यायांचा वेगही तिच्यामुळे मंदावतो. हा दोष लहान नाही.

तरीही आम्ही त्यास लबाडी किंवा कृत्रिमपणा म्हणणार नाही. पिक्थॉल यांनी धर्म पालटला आणि उमेदीची पंधरा वर्षे परमुलुखात घालविली. परंतु देवाशी बोलण्याची जी भाषा बालपणी कानी पडली, ती त्यांना टाकता आली नाही. १९३६ साली मायदेशी त्यांचे निधन झाले. परप्रांतात दिवसभर परभाषेत टिपणे लिहून सायंकाळी देवापुढे मराठीच आठवणाऱ्या आम्हांला हा ग्रंथ त्याच्या दोषांसह जवळचा वाटतो.