जहाजावरील कार्बनग्रहण : दाव्यांची चिकित्सा

सागरी वाहतुकीच्या कार्बनमुक्तीविषयीच्या लेखनात ‘जहाजावरील कार्बनग्रहण’ ही संकल्पना अलीकडे वारंवार आढळते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या चौथ्या अभ्यासानुसार (२०२०) मानवनिर्मित हरितगृह वायूंच्या जागतिक उत्सर्जनात जहाजांचा २०१८ मधील वाटा २.८९ टक्के होता. २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे ध्येय संघटनेने २०२३ मध्ये स्वीकारले. पर्यायी इंधने महाग व दुर्मीळ. तेव्हा जुनेच इंधन जाळावे आणि वायू धुराड्यात अडवावा, असा हा विचार आहे.

अमाइन द्रावणात वायू शोषून घ्यायचा, उष्णता देऊन तो मोकळा करायचा व द्रवरूपात टाकीत साठवायचा, हे तंत्र जमिनीवर जुने आहे. २०२१ मध्ये ‘कोरोना युटिलिटी’ या जपानी कोळसावाहू जहाजावरील लहान संयंत्राने ९९.९ टक्क्यांहून अधिक शुद्ध कार्बन डायऑक्साइड मिळवून दाखविला. म्हणजे ‘हे शक्य आहे काय?’ हा प्रश्न आता उरलेला नाही. समर्थकांचे लेखन मात्र बहुधा याच प्रश्नाचे उत्तर देऊन थांबते.

खरी अडचण वजनाची आहे. एक टन जड इंधन तेल जळाले की सुमारे ३.११ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण हवेतील ऑक्सिजन त्यात मिसळतो. इंधनाला जेथे एक घनमीटर जागा लागते, तेथे द्रवरूप वायूला पावणेतीन घनमीटरांच्या आसपास लागते. एरवी प्रवासात जहाज हलके होत जाते. येथे ते जड होत जाते, आणि मालाची जागा टाक्या व्यापतात.

दुसरा आक्षेप हिशेबाच्या पद्धतीवर आहे. सिंगापूरच्या ‘ग्लोबल सेंटर फॉर मेरीटाइम डीकार्बनायझेशन’ या संस्थेने ‘स्टेना इम्पेरो’ या तेलवाहू जहाजाचा अभ्यास करून २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले : वार्षिक घट फार तर २० टक्के, जादा इंधन सुमारे १० टक्के, उभारणीखर्च १.३६ कोटी डॉलर आणि टाळलेल्या दर टनामागे ७६९ डॉलर. हे आकडे उघडपणे मांडल्याबद्दल संस्थेचे कौतुकच केले पाहिजे. समजा, मूळ उत्सर्जन १०० एकक आहे. दहा टक्के जादा इंधनामुळे ते ११० होईल. ते ८० वर आणण्यासाठी ३० एकक पकडावे लागतील. पकडलेले तीस, टळलेले वीस. जाहिरातीत बहुधा पहिला आकडा असतो. एप्रिल २०२५ मध्ये संघटनेने तत्त्वतः मान्य केलेल्या मसुद्यातील चढा दरदेखील टनामागे ३८० डॉलरच होता, म्हणजे या खर्चाच्या जेमतेम निम्मा. त्याचाही अंतिम स्वीकार ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलण्यात आला. जहाजमालकाने हे यंत्र कोणत्या हिशेबाने बसवावे?

तिसरा प्रश्न बंदरात उभा राहतो. जून २०२५ मध्ये शांघायच्या यांगशान बंदरात ‘एव्हर टॉप’ या कंटेनर जहाजावरून २५.४४ टन द्रवरूप वायू दुसऱ्या जहाजात उतरविण्यात आला. ही घटना महत्त्वाची खरीच. पण एवढा वायू केवळ आठ टनांच्या आसपास इंधनाचा असतो. पुढे तो ट्रकने दूर इनर मंगोलियात, पोलादाच्या मळीपासून कॅल्शियम कार्बोनेट बनविण्यासाठी नेण्यात आला. या प्रवासाचा धूर कोणाच्या खाती? नेदरलँड्समध्ये असा वायू भाजीपाल्याच्या काचगृहांना देण्याची योजना आहे. तेथे तो वनस्पतींतून लवकरच हवेत परततो. त्याला ‘साठवण’ म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग होय.

कायमस्वरूपी साठवण अशक्य आहे, असे नव्हे. नॉर्वेच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ प्रकल्पात ऑगस्ट २०२५ मध्ये समुद्रतळाखाली सुमारे २,६०० मीटरांवर वायू सोडण्यास प्रारंभ झाला. परंतु तो आला सिमेंट कारखान्यातून, जेथे स्रोत एकाच जागी स्थिर असतो. जहाज आज एका बंदरात, तर आठवड्याने दुसऱ्या खंडात. त्यामुळे ठरावीक मार्गावर, साठवणस्थळाजवळून ये-जा करणाऱ्या जहाजांपुरतेच हे तंत्र सध्या विचारार्ह ठरते. ‘क्लिपर एरिस’ या इथिलीनवाहू जहाजावर २०२५ मध्ये पूर्ण क्षमतेचे संयंत्र बसले असून ७० टक्क्यांपर्यंत ग्रहणाचे उद्दिष्ट सांगितले जाते. त्याच्या वर्षभराच्या नोंदींत जादा इंधन आणि उतरविलेल्या वायूचे अंतिम ठिकाण, हे दोन रकाने असतील की नाही, यावर त्यांचे मोल ठरेल.