पहिला कॅमेरा की पहिली नजर? : छायाचित्रणाच्या छंदाच्या आरंभकथांची चिकित्सा

प्रास्ताविक

छायाचित्रणाचा छंद असलेल्या कोणत्याही व्यक्तीस 'आपणांस ही आवड कशी लागली?' असा प्रश्न विचारला असता बहुधा एका कॅमेऱ्याची हकिगत ऐकावयास मिळते. वाढदिवसाला भेट मिळालेला कॅमेरा, काकांनी परगावाहून आणलेला कॅमेरा, पहिल्या पगारातून घेतलेला कॅमेरा. तपशील बदलतात, परंतु कथेचा घाट एकच असतो : कॅमेरा हाती आला आणि आवड निर्माण झाली. छायाचित्रकारांच्या मुलाखती, आत्मकथने व प्रदर्शनांच्या पुस्तिका यांतही हाच घाट पुन्हा पुन्हा आढळतो. अशा कथनांना प्रस्तुत लेखात 'आरंभकथा' असे संबोधले आहे. या कथांकडे माहितीचे साधन म्हणून पाहिले जाते. कथन म्हणून मात्र त्यांची तपासणी क्वचितच होते.

आरंभकथा ही उत्तरकाळात रचलेली असते आणि ती कॅमेऱ्याला मध्यवर्ती स्थान देऊन दोन गोष्टी झाकून टाकते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. पहिली गोष्ट म्हणजे कॅमेरा हाती येण्यापूर्वीचा पाहण्याचा दीर्घ काळ, आणि दुसरी म्हणजे नवशिक्याने काढलेले चित्र गांभीर्याने पाहणारा पहिला प्रेक्षक. काही सुपरिचित छायाचित्रकारांच्या उदाहरणांवरून ही भूमिका पडताळून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

'पहिले यश' आणि त्यापूर्वीची वर्षे

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची आरंभकथा छायाचित्रणाच्या इतिहासात सर्वाधिक उद्धृत झालेल्या कथांपैकी एक आहे. १८१५ साली कोलकाता येथे जन्मलेल्या कॅमेरॉन यांना डिसेंबर १८६३ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने व जावयाने कॅमेरा भेट दिला. इंग्लंडमधील वाईट बेटावरील घरी एकटेपणात विरंगुळा व्हावा, एवढाच त्यामागील हेतू होता. त्यांनी कोळशाच्या कोठीची काळोखी खोली केली, कोंबड्यांच्या खुराड्याचे काचघर केले आणि जानेवारी १८६४ मध्ये ॲनी फिलपॉट या लहान मुलीचे छायाचित्र काढून त्यास आपले 'पहिले यश' म्हटले. प्रौढ गृहिणी, अनपेक्षित भेट आणि अवघ्या काही आठवड्यांत गवसलेली प्रतिभा, असा या कथेचा आकर्षक घाट आहे.

परंतु उपलब्ध पुरावा वेगळे काही सांगतो. छायाचित्रणाच्या जडणघडणीत मोलाचा वाटा असलेले शास्त्रज्ञ सर जॉन हर्षेल हे कॅमेरॉन यांचे १८३० च्या दशकापासूनचे स्नेही होते आणि कोलकात्यात असतानाच या नव्या शोधाची वार्ता त्यांच्या पत्रांतून तिला मिळाली होती. कॅमेरा मिळण्यापूर्वी इतरांनी काढलेल्या छायाचित्रांचे अल्बम रचून ते आप्तांना भेट देणे हा तिचा आवडीचा उद्योग होता. १८६३ मध्येच, म्हणजे कॅमेरा येण्याच्या आधी, तिने आपल्या बहिणीस असा एक अल्बम दिला होता. छायाचित्रकार ऑस्कर रेयलँडर यांच्या काचेवरील एका प्रतिमेची छपाई करताना तिने कडेने नेच्याची पाने मांडून स्वतःची चौकट निर्माण केली होती. म्हणजेच निवडणे, मांडणे, छापणे आणि दुसऱ्यास दाखवणे या चारही क्रिया तिने कॅमेऱ्याविना आत्मसात केल्या होत्या. कॅमेरा आला तो या सिद्धतेच्या अखेरीस. 'पहिले यश' हे शब्द असत्य नाहीत. परंतु ते जिथून मोजायला आरंभ करतात, ते स्थान तिने स्वतः निवडलेले आहे.

बालप्रतिभेची कथा

फ्रेंच छायाचित्रकार जाक-आंरी लार्तीग यांची कथा याच्या दुसऱ्या टोकाची आहे. १८९४ मध्ये जन्मलेल्या लार्तीग यांना १९०२ मध्ये वडिलांनी कॅमेरा दिला. त्याहीपूर्वी डोळे झटकन उघडून-मिटून समोरचे दृश्य आपल्यात पकडून ठेवण्याचा खेळ आपण खेळत असू, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांची बालपणीची छायाचित्रे प्रदर्शित केली, तेव्हा कोणत्याही संस्काराविना निर्माण झालेला एक निरागस बालकलावंत अशी त्यांची प्रतिमा जगासमोर आली.

केव्हिन मूर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या प्रतिमेची सडेतोड चिकित्सा केली. लार्तीग यांचे वडील स्वतः उत्साही हौशी छायाचित्रकार होते. घरी साधने होती, सवड होती, आणि हौशी छायाचित्रणाविषयीच्या नियतकालिकांनी घडवलेली एक अभिरुचीही त्या वर्गात रुजलेली होती. उडी मारणारी माणसे, धावत्या मोटारी, विमाने हे विषय त्या बालकाने शून्यातून निर्माण केलेले नव्हते. शिवाय लार्तीग यांनी उत्तरायुष्यात आपले अल्बम पुन्हा मांडले. तेव्हा त्यांची आरंभकथा ही आठ वर्षांच्या मुलाची नसून सत्तरीतील कलावंताने त्या मुलाविषयी सांगितलेली कथा आहे. या चिकित्सेने छायाचित्रांचे सौंदर्य उणावत नाही. उणावते ती केवळ 'उपजत देणगी' ही कल्पना.

मुंबई : सभा, नाव आणि अधिकार

आपल्या प्रदेशाकडे वळल्यास छंदाचे सामूहिक रूप अधिक स्पष्ट दिसते. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते. पुढील वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. पुढे व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळवणारे हरिश्चंद्र चिंतामण हे याच वर्गातून घडले. काचेवर रसायनांचा लेप देऊन चित्रे घेण्याच्या त्या काळात ही विद्या खर्चिक होती, वेळखाऊ होती आणि एकट्याने शिकण्याजोगी नव्हती. सभेत चित्रे मांडावयाची, इतरांनी ती न्याहाळावयाची, दोष सांगावयाचे, या व्यवहारातच आवड टिकत असे. ही संधी इंग्रज अधिकारी व सुशिक्षित, सधन एतद्देशीय यांच्यापुरतीच मर्यादित होती, हेही तितकेच खरे.

होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांचे उदाहरण याच प्रश्नाची आणखी एक बाजू पुढे आणते. त्यांना छायाचित्रण शिकवले ते मानेकशा व्यारावाला यांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. जे. जे. कला विद्यालयातील शिक्षणामुळे त्यांची चित्ररचनेची दृष्टीही घडत होती. परंतु १९३० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची सुरुवातीची अनेक छायाचित्रे मानेकशा यांच्या नावाने छापली गेली. शिकवणारा होता, चित्र पाहणारा आणि छापणाराही होता. मात्र चित्राखाली नाव तिचे नव्हते. त्यामुळे आरंभकथा सांगण्याचा अधिकार कोणाला मिळतो आणि केव्हा मिळतो, हा प्रश्न आवडीच्या मानसशास्त्राइतकाच सामाजिक व्यवस्थेचाही आहे. होमाई यांची कथा त्यांच्या स्वतःच्या शब्दांत सविस्तर नोंदली गेली ती सबीना गडीहोक यांच्या २००६ मधील ग्रंथात. त्या वेळी त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती.

साधनाची सार्वत्रिकता आणि आवडीचा अभाव

कॅमेरा हेच आवडीचे कारण असते, तर साधन स्वस्त होताच छांदिष्टांची संख्या त्याच प्रमाणात वाढावयास हवी होती. १८८८ मध्ये शंभर चित्रांची फिल्म भरूनच विकला जाणारा कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरला मिळू लागला आणि १९०० मध्ये ब्राउनी अवघ्या एका डॉलरला. छायाचित्रे अगणित निघाली. परंतु त्यांतील बहुसंख्य छंद या अर्थाने निघाली नाहीत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ च्या ग्रंथात दाखवून दिले की, सर्वसामान्य माणूस कॅमेरा वापरतो तो कुटुंबातील मंगलप्रसंगांची नोंद ठेवण्यासाठी, नातेसंबंधांवर मुद्रा उमटवण्यासाठी. छायाचित्रणास निष्ठेने वाहून घेणारा अल्पसंख्य हौशी मात्र या कौटुंबिक उपयोगापासून स्वतःला वेगळे काढतो. आज विद्यार्थ्यांच्या खिशातील भ्रमणध्वनीने हाच भेद अधिक तीव्र केला आहे.

बोर्द्यू यांच्या विवेचनात मात्र एक त्रुटी जाणवते. हौशी माणूस कौटुंबिक छायाचित्रापासून दूर जातो हे ते सांगतात. परंतु तो बहुधा तेथूनच निघालेला असतो, याकडे त्यांचे पुरेसे लक्ष जात नाही. कॅमेरॉन यांचा अल्बम बहिणीसाठी होता, लार्तीग यांचा कॅमेरा वडिलांकडून आला. रघु राय यांचे गाढवाच्या पिलाचे पहिले गाजलेले छायाचित्र लंडनच्या 'द टाइम्स'कडे पाठवले ते त्यांचे थोरले बंधू व छायाचित्रकार एस. पॉल यांनी. ज्या कुटुंबाची चौकट हौशी माणूस पुढे ओलांडतो, त्याच कुटुंबात त्याला पहिला प्रेक्षक लाभलेला असतो.

एक अपवाद आणि एक कबुली

या प्रतिपादनास अडथळा ठरणारे उदाहरण टाळणे योग्य होणार नाही. व्हिव्हियन मायर (१९२६-२००९) यांनी शिकागोत मुलांचा सांभाळ करीत आयुष्यभर रस्त्यांवरील छायाचित्रे काढली आणि ती जवळजवळ कोणासही दाखवली नाहीत. २००७ मध्ये लिलावात निघालेल्या त्यांच्या सामानातून ती उजेडात आली. अनेक रोळ तर धुतलेही नव्हते. तेव्हा पहिल्या प्रेक्षकाशिवाय आवड टिकतच नाही, असे विधान करता येत नाही. तथापि बालपणी काही काळ त्या व त्यांची आई एका व्यावसायिक स्त्री-छायाचित्रकाराच्या घरी राहत होत्या, ही नोंद बोलकी आहे. प्रेक्षक नसेल तरी चालते. पाहण्याचा पूर्वकाळ मात्र येथेही नाकारता येत नाही.

हीच कसोटी प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या कथेलाही लावून पाहिली. 'सातवीत मामांनी कॅमेरा दिला आणि छंद लागला' असे विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितले आहे. याविषयी आईस विचारले असता तिने वेगळीच आठवण सांगितली : त्याच्या कितीतरी आधीपासून दुपारी आजीच्या ट्रंकेतला काळ्या पानांचा अल्बम काढून, निखळलेले फोटो पुन्हा कोपऱ्यांत बसवण्याचे काम माझ्याकडे असे. आणि मामांविषयी मलाच आठवले ते असे की, छत्तीस फोटोंच्या त्या पहिल्या रोळातील बहुतेक फोटो फुकट गेले होते. तरी त्यांतील एक हाती धरून त्यांनी विचारले होते, 'इथेच का उभा राहिलास?' उत्तर देता आले नाही. दुसरा रोळ त्या प्रश्नासाठी काढला गेला.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. छायाचित्रणाच्या आवडीचा आरंभ कॅमेऱ्यात नसून पाहण्याच्या, निवडण्याच्या व मांडण्याच्या सवयीत असतो. दुसऱ्या कोणाची गंभीर नजर त्या आवडीस बहुतांशी दिशा देते. आणि आरंभकथा कोण सांगू शकतो हे वर्ग व लिंग यांनी नियंत्रित केलेले असते. म्हणून 'पहिला कॅमेरा कोणता?' या प्रश्नाऐवजी 'कोणी दाखवले आणि कोणी पाहिले?' असा प्रश्न विचारणे अभ्यासाच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरेल.

हा प्रश्न आपल्या, म्हणजे अध्यापकांच्या, दारातही उभा आहे. महाविद्यालयांत छायाचित्र स्पर्धा होतात, क्रमांक काढले जातात, प्रमाणपत्रे दिली जातात. स्पर्धेतील परीक्षक चित्रास गुण देतो. पहिला प्रेक्षक चित्रास प्रश्न विचारतो. मध्यंतरी तास संपल्यावर द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने भ्रमणध्वनीवरील एक छायाचित्र प्रस्तुत लेखकास दाखवले. एसटी स्थानकाच्या ओल्या फरशीवर उमटलेले बसचे प्रतिबिंब होते. पुढच्या तासाची घाई होती. 'छान आहे,' एवढे म्हणून पुढे जाणे झाले. त्या विद्यार्थ्याने त्यानंतर काहीही दाखवलेले नाही. त्याने फरशीकडे का पाहिले, हे विचारावयास हवे होते.