कैफियत न मांडणारा लेखक

अमेरिकेत समलिंगी जीवनाविषयीचे साहित्य आज विपुल प्रसिद्ध होत आहे. परंतु त्यातील पुष्कळसे लेखन अद्याप आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहूनच बोलते, आपल्या प्रेमाची कैफियत समाजापुढे मांडून निर्दोष सुटण्याची अपेक्षा बाळगते, आणि म्हणूनच नव्या लेखकांनी जेम्स बाल्डविनकडे पुन्हा वळावे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. 1924 साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जन्मलेल्या, कोवळ्या वयात चर्चमध्ये प्रवचने करणाऱ्या आणि चोविसाव्या वर्षी वर्णद्वेषाला विटून पॅरिसला गेलेल्या या कृष्णवर्णीय लेखकाची ‘जोव्हानीज रूम’ ही कादंबरी 1956 मध्ये निघाली, ती त्याची पहिली कादंबरी काढणाऱ्या प्रकाशकाने नाकारल्यानंतर. कृष्णवर्णीयाने कृष्णवर्णीयांविषयीच लिहावे अशी तेव्हाची वहिवाट, आणि येथे तर सारी प्रमुख पात्रे गोरी! वर्ण आणि समलिंगी प्रेम हे दोन्ही प्रश्न एकाच पुस्तकात पेलणे आपल्याला त्या वेळी शक्य नव्हते, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले.

त्या कादंबरीतील खोली पाहावी. बाहेरच्या नजरा टाळण्यासाठी खिडकीच्या काचांना पांढरे पॉलिश फासलेले, एका भिंतीचा कागद ओरबाडलेला, आणि पुस्तके ठेवायला जागा करावी म्हणून जोव्हानी भिंतीतल्या विटा उपटीत असलेला. जोव्हानीचा प्रियकर डेव्हिड याला ही खोली असह्य होते. त्याचा अपराध प्रेम करण्याचा नव्हे, त्या प्रेमापासून पळ काढण्याचा आहे, आणि जोव्हानी गिलोटिनखाली जाणार त्या रात्री या अपराधाचा झाडा डेव्हिड स्वतःलाच देत बसतो. वाचकाला न्यायासन लेखकाने देऊच केलेले नाही.

या निर्भयतेची किंमत बाल्डविनला स्वकीयांकडेही मोजावी लागली. कृष्णवर्णीय लेखक एल्ड्रिज क्लीव्हरने 1968 मध्ये ‘सोल ऑन आइस’मध्ये त्याच्यावर जो हल्ला चढविला, त्यात त्याच्या समलिंगी असण्याला वंशद्रोहाशी जोडण्यापर्यंत मजल गेली. तरीही 1979 च्या ‘जस्ट अबव्ह माय हेड’मध्ये बाल्डविनने वर्ण आणि समलिंगी प्रेम हे दोन्ही प्रश्न एकत्र आणले. तेथे धर्मगीते गाणाऱ्या आर्थरची कथा त्याचा भाऊ हॉल सांगतो. शाळेतली मुले काकाविषयी जे बोलतात, त्याबद्दल हॉलचा मुलगा त्याला विचारतो, तेव्हा बाप आडपडदा न ठेवता उत्तर देतो आणि आपल्या भावाचा आपल्याला अभिमान आहे असे सांगतो. कुटुंब, धर्म आणि देहप्रीती यांना एका घरात असे नांदविणे मला ‘जोव्हानीज रूम’पेक्षाही अवघड वाटते. पुस्तक पसरट आहे, हे मान्य.

1986 मध्ये जोसेफ बीमने ‘इन द लाइफ’ हे कृष्णवर्णीय समलिंगी लेखकांचे संकलन सिद्ध केले, ते या वाटेवरचे महत्त्वाचे पाऊल. परंतु ‘सन ऑफ बाल्डविन’ या नावाने दीर्घकाळ लिहिणाऱ्या रॉबर्ट जोन्स ज्युनिअरची ‘द प्रॉफेट्स’ (2021) ही कादंबरी मला अधिक जवळची वाटते. मिसिसिपीतील मळ्यावरचे दोन गुलाम, आयझाया आणि सॅम्युएल, तेथे कोठारात एकमेकांवर प्रेम करतात, आणि त्या प्रेमाचे समर्थन लेखक कोणापुढेही करीत नाही. बायबलमधील ग्रंथांची नावे प्रकरणांना देण्याच्या हव्यासाने भाषा कोठे कोठे जड झाली आहे. कोठारातील पाने मात्र बाल्डविनने आनंदाने वाचली असती.