पोवाडा कोणाचा ?

फ्रान्समध्यें क्रीडावृत्त ही वाङ्मयाचीच एक शाखा आहे, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. १९४६ सालीं निघालेल्या ‘लेकिप’ या दैनिकांत पुढें आंत्वान ब्लाँदँसारखा कादंबरीकार नियमानें लिहूं लागला. रग्बीला तर स्वतंत्र पत्रच लाभलें. तें म्हणजे १९२९ पासून तुलूज येथून निघणारें, पिवळ्या कागदावर छापलें जाणारें ‘मिदि ऑलिंपिक’. नैर्ऋत्य फ्रान्समधील लहान लहान गांवांचा अभिमान रग्बीच्या संघाशीं निगडित असतो. तेथें हें पत्र घरच्या माणसासारखें मानलें जातें.

या लेखकांनीं फ्रेंच रग्बीचा जो पोवाडा रचला, त्याचें पालुपद एकच आहे : ‘फ्रेंच फ्लेअर’, म्हणजे उपजत, स्वच्छंद प्रतिभा. त्याला आधार नाहीं असें नाहीं. १९९४ मध्यें ऑकलंड येथें सामना संपत आला असतां फ्रेंच खेळाडूंनीं आपल्याच गोलरेषेजवळून चेंडू हातोहात नेला, आणि सादुर्नीनें तो न्यूझीलंडच्या रेषेपलीकडे टेकविला. १९९९ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यांत १०–२४ असे मागें पडलेल्या फ्रान्सनें लागोपाठ ३३ गुण मिळवून न्यूझीलंडला ४३–३१ असें हरविलें. अशा दिवशीं लेखणीला पंख फुटले तर तिला दोष कोण देईल ?

परंतु पालुपद म्हणजे सारा पोवाडा नव्हे. १९७७ सालीं फ्रान्सनें पांच राष्ट्रांच्या स्पर्धेंतील चारही सामने जिंकले. चारही सामन्यांत तेच पंधरा खेळाडू होते, आणि प्रतिपक्षाला एकही ट्राय करतां आला नाहीं. हें यश स्वच्छंदतेचें खास नव्हे. स्क्रममध्यें मान व खांदे झिजविणाऱ्या फॉरवर्ड खेळाडूंचें तें यश होतें. तथापि लेखणी रमते ती धांवणाऱ्याच्या पायांत. भार वाहणाऱ्याचे खांदे तिला क्वचितच दिसतात.

ज्याला ते दिसले तो लेखक म्हणजे दनी लालान. १९५८ च्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरील त्याचा ग्रंथ या वाङ्मयांत अग्रस्थानीं ठेवावा लागेल. १८९६ नंतर मायदेशीं कसोटी-मालिका न हरलेल्या संघाला फ्रान्सनें तेथें नमविलें. पहिला सामना ३–३ असा बरोबरींत सुटला, दुसरा ९–५ असा जिंकला. या दोन सामन्यांची कथा लालाननें लुसिएँ मियास या कर्णधाराभोंवतीं उभारली. मियास हा फॉरवर्ड, आणि वैद्यकाचा अभ्यासक; शिस्त, विचार व परस्परविश्वास यांच्या जोरावर त्यानें सामान्य समजल्या गेलेल्या संघास एकजीव केलें. लालानची भाषा वीररसानें भरलेली आहे, कित्येकदां ती वाहवतेही. पण तिचा वीर योग्य जागीं शोधलेला आहे. म्हणूनच त्याचें पुस्तक टिकलें.

या शैलीचा एक धोका मात्र केवळ वाङ्मयीन नाहीं. प्रत्येक धडकेला रणधुमाळी म्हणण्याची संवय जडली कीं जखमेला आपोआप अलंकाराचें रूप येतें. १९३० मध्यें राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यांत एक तरुण खेळाडू प्राणास मुकला. पुढच्याच वर्षीं दांडगाई व छुपें वेतन या आरोपांवरून ब्रिटिश संघांनीं फ्रान्सशीं संबंध तोडले. २०१८ सालींही मैदानावरील आघातानंतर कांहीं तरुण दगावले. तेव्हां कोठें २०१९ मध्यें हौशी रग्बीच्या खालच्या श्रेणींत कमरेच्या वर टॅकल करण्यास बंदी आली.

मुलाला संघांत धाडणारी आई तेंच वृत्तपत्र वाचीत असते. पोवाडा गाणाऱ्यानें गड जिंकल्याचें जरूर सांगावें. पण गडाच्या पायथ्याशीं कोण पडलें हें सांगण्याचें ज्यानें टाळलें, तो शाहीर नव्हे, भाट होय. फ्रेंच क्रीडालेखनाची थोरवी त्याच्या उत्तम पानांवरून ठरते, आणि उत्तम पानांत विजयाच्या जोडीला त्याची किंमतही लिहिलेली असते.