‘अधांतर’ : न मिटलेल्या संपाचे नाटक

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ १९९७ साली रंगभूमीवर आले, आणि गिरणी संपाचे नाटक अशी त्याची ओळख रूढ झाली. ती अपुरी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. नाटकात मात्र दिसते ती गिरणगावातील चाळीची एक खोली, एक आई आणि तिची मुले : लेखक होऊ पाहणारा एक, क्रिकेटच्या नादी लागलेला दुसरा, गुंडगिरीकडे वळलेला तिसरा.

या मुलांच्या बेकारीचे स्वरूप नीट तपासले पाहिजे. त्यांची नोकरी गेलेली नाही. ती त्यांना कधी मिळालेलीच नाही. गिरणीतील भरती पुष्कळशी नात्यागोत्याच्या आणि गाववाल्यांच्या ओळखीने होई. बापाच्या ओळखीवर मुलगा आधी बदली म्हणून खात्यात शिरे. संपाने पगार बुडाला हे सर्वांस दिसले. ही वाट बुजली हे पवारांनी दाखविले. ओळखीच्या बळावर पोरांना कामाला लावणारा एकच धंदा मागे उरला, तो टोळीचा. तिसऱ्या मुलाचे अधःपतन म्हणूनच केवळ स्वभावदोष वाटत नाही. शिवाय संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तेव्हा शीर्षकातील अवस्था ही मनाची तशीच औद्योगिक संबंधांतलीही वस्तुस्थिती होय.

नाटकाची मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे. विणकाम थांबले नव्हते, त्याने जागा बदलली होती. संपापूर्वीपासून कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे सरकत होते, आणि संपकाळात काही गिरणीमालकांनी आपला माल तेथेच विणून घेतला. तेथील मजूर कमी मजुरीत, लांब पाळ्यांत आणि बहुधा संघटनेवाचून राबत होता. एका खोलीच्या नाटकाने भिवंडीला कसे जावे, असे कोणी विचारील. जाण्याची गरज नाही. पण लालबागचे काम कोणाच्या हाती गेले याचा ठसठशीत उच्चार नसल्यामुळे घरावर कोसळलेली आपत्ती जागोजाग दैवासारखी भासते. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विक्रीस मोकळ्या केल्या, तो निर्णय दैवाचा नव्हता. माग भिवंडीत आणि नफा जमिनीत, अशी ही दुहेरी हालचाल ज्या अभ्यासकाला ठाऊक आहे, त्याला या खोलीच्या भिंती नाटककाराने मांडल्या त्याहूनही अधिक अस्थिर दिसतील.