‘फकिरा’तील विष्णुपंत : साहाय्य आणि ऋण

जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील कटगुण हे होय. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्या लोकांनी निरपेक्ष बुद्धीने जो स्वार्थत्याग केला, त्याचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी गिरवावा, असा त्या अर्पणपत्रिकेचा आशय आहे. वर्णद्वेष आणि जातिभेद यांना एकत्र ठेवून पाहणारी मराठी दृष्टी येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे प्रकट झाली. मात्र या अर्पणपत्रिकेत गौरव झाला आहे तो साहाय्यकर्त्यांचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णी सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले. फ्रेडरिक डग्लस यांच्यासारख्या पूर्वाश्रमीच्या गुलामाने १८४५ सालीच आपले आत्मचरित्र जगापुढे ठेवले होते. त्यांचा निर्देश तेथे नाही. फुले यांचा हेतू स्वदेशातील वरिष्ठ वर्गाला लाजविण्याचा होता, हे ध्यानात घेता ही निवड समजण्यासारखी आहे.

यानंतर ८६ वर्षांनी, म्हणजे १९५९ साली, अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते वाटेगावचे. वाळवे तालुक्यातील हे गाव पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली ते दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले आणि १९६० साली त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे. पहिली अर्पणपत्रिका साहाय्य करणाऱ्यांना, तर दुसरी स्वतः झुंजणाऱ्याला. या दोन अर्पणपत्रिकांमधील अंतर केवळ काळाचे नाही. अन्यायाविरुद्धच्या लढ्यात, त्या अन्यायाची झळ स्वतःला न लागलेल्या मनुष्याचे स्थान कोणते, या प्रश्नाचे उत्तर मधल्या काळात बदलले होते. ‘फकिरा’तील विष्णुपंत कुळकर्णी या पात्राचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे.

विष्णुपंत हे वाटेगावचे कुळकर्णी. दुष्काळात गावचे महार-मांग अन्नावाचून मरू लागतात, तेव्हा मरण्यापेक्षा काहीही करून जगावे, असा सल्ला ते देतात. सरकारी अधिकाऱ्यांपुढे त्यांची बाजूही मांडतात. ज्या काळी ‘गुन्हेगार जमाती’विषयीच्या कायद्याने जन्मावरूनच मनुष्याला गुन्हेगार ठरविले जाई आणि हजेरीची सक्ती होई, त्या काळचा हा गावकामगार आहे. हा कायदा १८७१ साली प्रथम झाला व १९५२ साली देशभर रद्द झाला, हे लक्षात घेतले म्हणजे विष्णुपंतांच्या वर्तनातील धोका कळून येतो. वतनदार कुळकर्णी हा सरकारी यंत्रणेचा गावातील हात. तोच हात येथे यंत्रणेला आडवा येतो.

हे पात्र म्हणजे लेखकाचा भाबडा आदर्शवाद होय, सवर्ण वाचकाला दुखवू नये म्हणून योजलेला सज्जन ब्राह्मण होय, असा आक्षेप घेता येईल. कादंबरीत रंगीत, अद्भुताकडे झुकणारा अंश आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा आक्षेप घेताना कथानकाचा क्रम नजरेआड होतो. विष्णुपंतांचे साहाय्य कथेच्या आरंभी येत नाही. आरंभी येते ते राणोजीचे, फकिराच्या बापाचे, बलिदान. शिगावची जोगणी वाटेगावात यावी आणि तिच्याबरोबर जत्रेचा मान गावाला मिळावा, यासाठी राणोजी जिवावर उदार होऊन ती घेऊन येतो आणि त्या कामी त्याचा शिरच्छेद होतो. जत्रा साऱ्या गावाची; पाटील-कुळकर्ण्यांपासून सर्वांचा मान तिच्यात वाढतो. मोल मात्र मांगवाड्याने दिलेले असते. म्हणून विष्णुपंत पुढे जे करतात त्याला उपकार म्हणता येत नाही. ती उशिरा सुरू झालेली ऋणाची फेड आहे. अण्णाभाऊंनी साहाय्यकर्त्याला दात्याच्या आसनावरून उतरवून ऋणकोच्या जागी उभे केले, हा या पात्ररचनेचा विशेष होय.

हाच विशेष भाषेच्या अंगानेही तपासता येतो. सुधारकी मराठीत ‘अस्पृश्यांचा उद्धार करणे’ हा प्रयोग रूढ होता. या रचनेत कर्ता असतो तो उद्धारक. ज्यांचा उद्धार व्हावयाचा ते षष्ठीत जातात आणि त्यांच्याकडे कोणतीही क्रिया उरत नाही. मराठीत जगणे–जगवणे, उठणे–उठवणे अशा जोड्या आहेत. त्यांतील दुसरे रूप प्रयोजक. त्यात खरी क्रिया करणारा गौण होतो आणि ती करविणारा मुख्य ठरतो. विष्णुपंतांच्या सल्ल्याचा आशय ‘जगणे’ या अकर्मक क्रियापदाचा आहे, ‘जगवणे’ या प्रयोजकाचा नाही. धान्य आणावयाचे ते फकिराने आणि त्याच्या सोबत्यांनी. पंतांच्या वाट्याला येते ते त्या क्रियेचे समर्थन आणि नंतरची जबाबदारी. कर्तृपद त्यांनी बळकावलेले नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आंबेडकरांच्या आत्मपर टिपणांत सापडते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ती १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली ही मुले मसूर स्थानकावर उतरतात. न्यावयास कोणी आलेले नसते. स्टेशनमास्तर प्रथम आपुलकीने विचारपूस करतो, मुले महार आहेत असे कळताच दूर होतो आणि काही वेळाने परत येऊन तोड काढतो : मुलांनी दुप्पट भाडे द्यावे, गाडी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. मुलांना वाहन मिळाले, हे खरे. त्या अर्थी हे साहाय्यच. पण या साहाय्यात विटाळाचा नियम अबाधित राहिला आणि त्याची किंमत मुलांकडूनच दुपटीने वसूल झाली. पुढे जवळ अन्न असूनही पाणी न मिळाल्यामुळे मुलांना ती रात्र उपाशी काढावी लागली. स्टेशनमास्तर दुष्ट नव्हता. अन्यायाशी जुळवून घेणारी सोय त्याने शोधली. विष्णुपंतांचे वेगळेपण असे की, ते सोय शोधीत नाहीत. ज्या कायद्याच्या बळावर त्यांचे पद उभे आहे, त्याच्याच न्याय्यतेविषयी ते शंका उपस्थित करतात.

तथापि विष्णुपंतांच्या भूमिकेची मर्यादा दाखविल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. सल्ला आज्ञार्थात द्यावयाचा तर देणाऱ्याला अधिकार असावा लागतो. ‘जगा’ असे म्हणण्यातही अनुज्ञेचा सूर येतोच. कथनातही पंतांसाठी आदरार्थी बहुवचन आणि फकिरासाठी एकवचन योजलेले आहे. हे एकवचन दुहेरी आहे. गावगाड्यात ते खालच्या पायरीचे निदर्शक. पोवाड्यात तेच वीराच्या जवळिकीचे. लेखकाने दुसरा अर्थ बलवान केला असला तरी पहिला पुसला गेलेला नाही. मुख्य म्हणजे दोघांच्या धोक्यांत समानता नाही. कुळकर्ण्याचे जाईल ते वतन आणि सरकारदरबारची पत. फकिराचा जाणार तो प्राण. अखेरीस आपल्या माणसांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतःला सरकारच्या हवाली करतो, त्या क्षणी पंतांचा सद्भाव त्याला वाचवू शकत नाही. एका सज्जन अधिकाऱ्याच्या शब्दावर उभी असलेली सुरक्षितता त्या शब्दाच्या पल्ल्यापुरतीच असते.

म्हणून व्यक्तीच्या सद्भावाचे रूपांतर संस्थेत होणे आवश्यक ठरते. याच भूमीतील कर्मवीर भाऊराव पाटील यांचे कार्य येथे आठवावे लागते. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे झाले. तेथे मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कष्ट करून शिकत. वसतिगृह चालावे म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने दिले. येथे दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत : साहाय्यकर्त्याच्या घराने आपले काही गमावले, आणि शिकणाऱ्याने शिक्षण दानादाखल न घेता स्वकष्टाने मिळविले. ‘शिकवणे’ या प्रयोजकाला ‘शिकणे’ या मूळ क्रियेचा मान राखता आला. भाऊरावांचे निधन १९५९ सालचे, ‘फकिरा’च्या प्रकाशनाच्याच वर्षातले. कादंबरीने ज्या प्रश्नापाशी वाचकाला आणून सोडले, त्याचे एक व्यावहारिक उत्तर साताऱ्यात त्यापूर्वी पस्तीस वर्षे आकार घेत होते.

दलित साहित्याच्या चर्चेत सहानुभूती आणि स्वानुभूती यांचा भेद वारंवार मांडला जातो. तो आवश्यक आहे. पण साहाय्यक पात्रांच्या परीक्षणाला तो पुरेसा नाही, कारण सहानुभूती मसूरच्या स्टेशनमास्तरालाही काही अंशी होतीच. अशा पात्रांविषयी तीन गोष्टी पाहावयास हव्यात : वाक्यातील कर्तृपद कोणाकडे राहिले, अन्यायाचा नियम मोडला की त्यातून वाट काढली, आणि किंमत कोणी मोजली. पहिल्या दोन कसोट्यांना विष्णुपंत उतरतात. तिसऱ्या कसोटीला त्यांचे माप अपुरे पडते, आणि ते अपुरेपण झाकण्यासाठी अण्णाभाऊंनी कथेचा शेवट बदललेला नाही. राणोजीपासून चालत आलेले गावाचे ऋण फकिराच्या अखेरीस फिटण्याऐवजी दुणावते. कादंबरी संपते तेव्हा ते वाटेगावच्या नावावर तसेच शिल्लक असते.